घाव हलका

३ फेब्रुवारी
आज नव्या नोकरीवर रुजू झालो. खोली लहान, पण दोन्ही बाजूंनी उजेड येतो. कपाटावर देवाची तसबीर बसली, तेवढ्यात माझं भागलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला बसून काम मिळालं, आणखी काय हवं?

काम सोपं. डोंगराच्या पलीकडच्या बोगद्यात एक घणवाला आहे. रोज सकाळी दहाला तो फोनवर सांगून भिंतीवर एक घाव घालतो. घाव खडकातून माझ्या यंत्रापर्यंत येतो आणि कागदावर दोन रेघा थरथरतात. आधी सरळ लाटेची, मागून आडव्या लाटेची. त्यांची उंची मोजून वहीत लिहायची. घणवाला मला मास्तर म्हणतो. म्हणाला, मास्तर, डुलकी लागली तर सांगा, जरा जोरात हाणतो.

५ फेब्रुवारी
साहेबांनी समजावलं. खडक भेगांनी भरलेला आहे आणि वरून त्यात पाणी सोडतात. लाट आली की भेगांतलं पाणी इकडून तिकडे ढकलण्यात तिचा जोर जिरतो. आडवी लाट तर नुसत्या पाण्यातून जातच नाही. तिची उंची निम्म्यावर आली, म्हणजे पाणी फुटायला आलं; लगेच बोगदा रिकामा करायचा. त्यासाठीच मी.

११ फेब्रुवारी
आडवी बरीच उणी. साहेबांना सांगितलं. म्हणाले, इथली रीत अशी, कालचाच आकडा ठेवा, शेरा मारा ‘घाव हलका’. रोज बोगदा रिकामा करत बसलो तर झालंच काम. आधीच्या नोंदवाल्याची वही उघडली. पानोपानी तोच शेरा.

वाद घालायचं त्राण नव्हतं. लिहिला.

१८ फेब्रुवारी
घणवाल्याला माझ्या शेऱ्यांवरून बोलणी बसली. त्याची बायको डबा घेऊन जाताना इथं टेकते, मला दादा म्हणते. म्हणाली, दादा, रोज खांदा शेकून देते यांचा, इतका जोर लावतात, तरी हलका कसा हो?

मी वही मिटून ठेवली. जपात मन लागलं नाही.

२० फेब्रुवारी
आडवी निम्म्याच्याही खाली. तो फोनवर हसून म्हणाला, मास्तर, भिंतीला घाम फुटलाय, मला नाही.
लिहिलं. घाव हलका.

२१ फेब्रुवारी
दहा वाजून एक मिनिटाला बोगद्यात पाणी फुटलं. तो सापडला नाही. घणही नाही.

२४ फेब्रुवारी
बोगद्याचं तोंड बुजवलं. फोनची तार काढली.
दहाला रेघ थरथरली. एकच, सरळ. आडवी नाही.
साहेब म्हणाले, खडक बसतोय. शेरा विचारला. तोच मारा म्हणाले.

२५ फेब्रुवारी
दहाला. कालच्याहून उंच.

२७ फेब्रुवारी
आणखी उंच. म्हणजे आणखी जवळ. सरळच फक्त — म्हणजे सगळं पाण्यातून.
घणवाल्याची बायको आली होती. रेघेवरून बोट फिरवलं. रडली नाही. विचारलं, दादा, आज काय लिहिणार?

२८ फेब्रुवारी
फरशीच्या सांध्यांत ओल. पुसली. पुन्हा आली. देवाचं नाव घेतो, मध्येच तुटतं —

१ मार्च
पावणेदहा. निघून जाता येईल. पण वही —
सगळे शेरे खोडले. अकरा तारखेपासून. कागदांवरच्या रेघा पुन्हा मोजून खरे आकडे घातले. घाईचं अक्षर आहे, तरी वाचता येतील. घणवाल्याच्या बायकोला दाखवा.
त्याचा घाव कधीच हलका नव्हता. मी —
दहा.
पायाखाली. फरशी उचल