माझ्या मधातला ऊस

१४ जानेवारी

मधात उसाची साखर! माझ्या मधात! मनिलाच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं आणि आमच्या मधपाळांच्या सोसायटीनं माझ्या बाटल्या दुकानातून उतरवल्या. बावीस वर्षं माश्या पाळतेय. साखरेचा एक दाणा घातला असेल तर हात झडो माझा!

नवरा म्हणतो, "फेलिसा, माफी लिहून दे, मिटेल." का म्हणून लिहू?

१६ जानेवारी

प्रयोगशाळेत फोन केला. आर्लिन म्हणून पोरगी आहे. म्हटलं, "साखर दिसली का तुला?" म्हणे, "नाही मावशी, कार्बन दिसला."

कार्बनचे सगळे अणू सारखे नसतात म्हणे. प्रोटॉन प्रत्येकात सहाच, म्हणून सगळे कार्बनच. पण न्यूट्रॉन बहुतेकांत सहा, थोड्यांत सात. ते जरा जड. अशा हलक्या-जड भावंडांना समस्थानिकं म्हणतात. आंब्या-नारळाच्या फुलोऱ्यापेक्षा उसात जड अणू जास्त. माझ्या मधातही जास्त.

असतील! पण ते घातले कुणी, हे कुठं सांगतात तुझे अणू?

१९ जानेवारी

सभा. अध्यक्षपदाचा माझा राजीनामा हवाय! वर टोमणा— "पुरीताच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, यंत्राला नातीगोती नसतात?" हो, म्हणाले! तिच्या मधातही असाच ऊस निघाला, तेव्हा मीच काढलं तिला सोसायटीतून. तिनं साखर घातली होती. मी नाही घातली. खुर्ची सोडत नाही, जा!

२३ जानेवारी

सापडलं!! पेट्यांशेजारच्या मळ्यात ऊसतोड चाललीय. तोडलेल्या खोडक्यांवर माश्याच माश्या! रस गळतोय नि माझ्या बया ढोसतायत.

आर्लिनला सांगितलं— ये, पेटीतलं पोळं स्वतः काढ. माझा हात लागायला नको.

२ फेब्रुवारी

आली. दोन डंख खाल्ले, पण पोळं काढून मोहोरबंद करून घेऊन गेली. सुकी मासळी-भात मात्र पोटभर जेवली.

१७ फेब्रुवारी

पोळ्यातल्या मधातही ऊसच! म्हणजे माश्यांनीच आणलेला. मी सुटले. नवऱ्यानं आनंदात गावजेवणाला डुक्कर कापायचं काढलंय.

पुरीताच्या पेट्या याच मळ्याच्या बांधावर होत्या. तीही माझ्यासारखीच ओरडली होती— येऊन बघा तरी! मी गेले नाही.

आज गेले. "पेट्या परत मांड, पुरीता," म्हटलं. म्हणाली, "जाळल्या गं. बस, कॉफी टाकते."