सम फुलं

स्पाल्डिंग, मार्च

आई, आधी तुझ्या हाताचा मुका. मी खाऊनपिऊन सुखी आहे, फक्त डोकं फिरलंय.

इथे इंग्रजांचा मातृदिन मार्चमध्येच असतो, त्यासाठी कारखान्यात डॅफोडिलच्या फुलांच्या जुड्या बांधतो. दहा-दहाच्या! आपल्या देशात सम फुलं फक्त मढ्यावर वाहतात, जिवंत माणसाला विषमच देतात, हे या मेल्यांना कोण सांगणार? हे जिवंत आयांना सम देतात! मी गुपचूप अकरा बांधली, तर सुपरवायझर हेदर सगळ्यांदेखत ओरडली, "मोजता येत नाही का गं तुला?"

सुट्टी झाल्यावर तिनेच एक जुडी पुढे केली. "घे, तुझ्या आईसाठी."

सोमवारी तुझं ऑपरेशन, आणि ही तुझ्या नावाने दहा देते! तिच्यासमोरच एक फूल उपटून पायाखाली चिरडलं. नोकरी गेली तर गेली.

उरलेली नऊ खिडकीत ठेवलीत. शुद्धीवर आलीस की आधी मला फोन कर.

तुझीच,
स्मरांडा