कढईसकट शून्य

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू हसत सुटतेस आणि माझा मुद्दा राहून जातो, म्हणून हे पत्र. गुडघ्याच्या डॉक्टरांनी एकदाची तारीख दिली, पण अट घालून. जूनअखेर माझं वजन ब्याऐंशी किलोंच्या वर नको. जमलं तर सांधा बदलतील, नाहीतर पुढच्या वर्षी बघू म्हणाले. आज मी अठ्ठ्याऐंशी आहे, तेही माझ्याच दुकानातल्या काट्यावर, त्यामुळे शंकेला जागा नाही.

पुढच्या वर्षापर्यंत थांबायची माझी तयारी नाही. ट्रक तोलायच्या काट्याखाली खड्डा असतो, त्यात लोखंडी शिडीने उतरून काम करावं लागतं. दोन वर्षं मी उतरलेलो नाही. माझा कारागीर उतरतो, खालून ओरडून सांगतो आणि मी वर खुर्चीत बसून मान डोलावतो. तीस वर्षं काटे दुरुस्त केले ते खुर्ची उबवायला नव्हे. मला फार लाज वाटते, हे तुला म्हणून सांगतो.

आता प्रश्न. आहाराच्या कागदावर प्रत्येक पदार्थापुढे ग्रॅम, कॅलरी, कर्बोदकं सगळं आहे. भाज्यांपुढे फक्त ‘मनसोक्त’ लिहिलंय. मनसोक्त हे कुठलं माप? शंभर ग्रॅम कोबीत पंचवीसेक कॅलरी असतात, मी शोधून काढलं. त्या मोजायच्या की सोडून द्यायच्या? तू कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज चारशे माणसांचं रांधतेस, तुला ठाऊक असणार. तुझ्या वहिनीला विचारलं तर ती विषय बदलते.

लोभ आहेच, तो वाढवायला हरकत नाही.
तुझा,
दादा

१० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. रागावू नकोस, फक्त कोबीचा भाग वाचला. भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या की काकडी खाऊन जाडा झालेला माणूस त्यांना एकदा बघायचाय, तुला पाठवून द्यावा.

गुरुवारी आमच्याकडे आहारतज्ज्ञ बाई येतात, त्यांनाही विचारलं. त्यांचं म्हणणं असं की पालेभाज्या, कोबी, काकडी, टोमॅटो, दुधी मोजत बसू नये. मोजायला लागलं की माणूस कंटाळतो आणि नेमकी भाजीच कमी खातो. पण बटाटा, मटार आणि मका जरूर मोजावेत. ती मंडळी नावाला भाजी, कामाला धान्य. साखरेवर इंजेक्शन घेणाऱ्यांचं गणित वेगळं, ते तुला लागू नाही.

तू ऐकणार नाहीस, हे मला माहीत आहे. लहानपणी खोडरबर अर्धं करताना तू पट्टी आणली होतीस. निदान वहिनीचं डोकं खाऊ नकोस. आणि मला कळव, कारण मलाही आता उत्सुकता लागली आहे.

माया असू दे.
तुझी,
धाकटी

८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. मी मोजलं. महिनाभर, रोज, पालकाच्या पानासकट. दिवसाला चौदाशे कॅलरी, एक इकडची तिकडे नाही. आणि वजन? सत्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. महिन्याभरात चारशे ग्रॅम. एवढं तर केस कापले तरी उतरेल.

माझ्या मोजण्यात चूक नाही. पद्धत ऐक. तुझी वहिनी कढई तयार करून माझ्या काट्यावर ठेवते. मी बटण दाबून काटा शून्यावर आणतो. मग ती चिरलेली भाजी टाकते, मी आकडा लिहितो, कढई गॅसवर जाते. भांड्याचं वजन भाजीत धरायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा. दुकानदारांना मी तोच शिकवत फिरतो.

तेव्हा संशय भाजीवरच येतो. काल एकट्याने सहाशे चाळीस ग्रॅम कोबी खाल्ला. मनसोक्त म्हणजे काय ते आता कळलं. उद्यापासून भाजी बंद करावी असं मनात आहे. वाईट एवढंच वाटतं की पथ्याचं, बिनतेलाचं असूनही वहिनीच्या हाताला इतकी चव कधी नव्हती. जेवता जेवताच लिहितोय, कागदाला बोटं लागली आहेत, सांभाळून घे.

कळावे.
तुझा,
दादा

१३ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी. दादाचं पत्र आलं. कागदाच्या कोपऱ्यावर बोटाएवढे तीन डाग आहेत, उजेडात धरलं की पलीकडचं दिसतं. पाण्यात शिजवलेल्या कोबीचा असा डाग पडत नाही. चारशे माणसांची कढई रोज माझ्या हाताखालून जाते, तेव्हा तेल मला कागदावरही ओळखू येतं.

तू कढई ‘तयार करून’ ठेवतेस, म्हणजे तेल आधीच घातलेलं असतं ना? आणि तो शहाणा कढईसकट, तेलासकट काटा शून्यावर आणतो. एका मोठ्या चमच्यात शंभरावर कॅलरी, आणि वहीत मात्र कोबीच्या पानाचा जाब. आधी मी पोट धरून हसले. मग विचारात पडले. त्याचं डोकं काट्यात असतं, पण तुझ्या नजरेतून हे सुटलं असेल असं वाटत नाही.

दोष देत नाही. फक्त विचारते.
तुझी,
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यापासून काय लपवू. पहिल्या दिवशी खरंच चूक झाली. सवयीने तेल घालून कढई पुढे केली आणि यांनी बटण दाबलं. बोलणार होते, तोवर यांनी वहीत आकडा लिहिलाही. दुसऱ्या दिवशी मी एक चमचा जास्त घातला. नंतर तीन-तीन.

माझे वडील हर्नियाच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. लहानसं ऑपरेशन होतं. भांग पाडून गेले आणि आईला म्हणाले, चहा झाकून ठेव. ते परत आले नाहीत. मी एकोणीस वर्षांची होते. यांना हे माहीत आहे, पण चहाचं मी कधी सांगितलं नाही.

वजन उतरलं नाही तर ऑपरेशन होत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रोज जिन्यात यांचं कण्हणं ऐकते आणि रोज तेलाची बाटली उचलते. आता हे भाजी सोडायला निघालेत. उपाशी राहतील आणि दोष कोबीला देतील. मला काय करावं कळत नाही.

तुझी,
वहिनी

२४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि आधी हसल्याची शरम वाटली. मी दादाला काही सांगणार नाही. तू सांग, आणि चहापासून सांग. तो रागावेल, दोन दिवस तोंड फिरवून बसेल. त्यानंतर डॉक्टरांकडे तूही जा. तुला पडलेले सगळे प्रश्न कागदावर लिहून ने, आणि उत्तरं मिळाल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस.

तुझी,
धाकटी

१४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला सगळं माहीत आहे हे मला माहीत आहे, हिने तुझं पत्र दाखवलं. मी रागावलो. दोन नाही, तीन दिवस. राग तिच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त होता. शून्य करण्याआधी भांड्यात बघा, हे मी गावभर सांगतो आणि घरच्या कढईत डोकावलो नाही. चहाचं तर तेहतीस वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

परवा दोघं डॉक्टरांकडे गेलो. हिच्या कागदावर सतरा प्रश्न होते. भूल देणाऱ्या बाईंनाही बोलावून घ्यावं लागलं. बाहेर आल्यावर ही म्हणाली की भीती गेली नाही, पण आता ती कशाची आहे ते नीट कळलं.

आता कढई कोरडी असताना शून्य करतो. तेल ती माझ्यासमोर चमच्याने घालते, ते लिहितो. मटार-बटाटे लिहितो. कोबी, पालक, काकडी लिहीत नाही. मावशींना कळव, काकडी निर्दोष सुटली. आज पंच्याऐंशी किलो सातशे.

तुझा,
दादा

२६ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. फोनवर मला बोलवणार नाही.

आत नेण्याआधी वजन केलं. यांनी आधी वाकून काटा शून्यावर आहे का ते बघितलं, तेव्हा नर्ससुद्धा हसली. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती दारापर्यंत गेली. चष्म्याचंही वजन नको म्हणून यांनी तो काढून माझ्याकडे दिला. काट्यावर उभं राहून मला म्हणाले, तू वाच.

खोली रिकामी होती. एक किलो वाढवून सांगितला असता तर घरी जायला मिळालं असतं, असं क्षणभर मनात आलं. नाही कशाला म्हणू. यांनी माझ्याकडे तोंड केलं होतं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.

एक्क्याऐंशी किलो आठशे. मी खरं वाचलं.

आता दाराकडे बघत बसलेय. घरी चहा झाकून ठेवलेला नाही. आल्यावर ताजा करीन.

तुझी,
वहिनी

ता. क. : बाहेर आणलं. डोळे उघडले आणि चष्मा मागितला.