नयनाचं पोट

६ नोव्हें.
नयना पहाटेपासून पाच वेळा गेली. पाचव्यांदा रक्त. मी संडासाबाहेर उभी. दार उघडून म्हणाली, "आज कमी हाय, आई." खोटं बोलते, मला कळतं. वजन एकेचाळीस. जूनमध्ये बावन्न होतं. वीस वर्षांची पोरगी, कॉलेज सोडून घरात.
शाळेत पोरांची खिचडी ढवळताना डोळे भरले. एवढ्यांचं शिजवते, नि घरात एकीला पचेल असं काय नाय.

९ नोव्हें.
मुरबाडहून एसटीने कल्याणला, मोठ्या डॉक्टरकडे. गोळ्या वाढवल्या. अचानक बंद करायच्या नाहीत, असं दोनदा बजावलं. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, उकडलेला भोपळा, केळं, घरचं ताजं दही. थोडं थोडं, ठरल्या वेळी. मिरची नि सुकट बंद. पाणी उकळून. झोप वेळेवर.
मी विचारलं, प्रतिकारशक्ती वाढायला काय देऊ? म्हणाले, "वाढवायची नाही. तीच चुकून हिच्या आतड्यांवर उठलीय. आपण तिला शांत करतोय."
येताना बसमध्ये तेच डोक्यात. अंगातलंच अंगावर उठलं तर राखण कोणावर सोपवायची?

१४ नोव्हें.
दोनदाच गेली. रक्त नाही. वाटीभर भात खाल्ला, वर आणखी मागितला. हे म्हणाले, बघ, सुधारली. मी भात वाढला. बोललं की परत फिरेल असं वाटतं.

१६ नोव्हें.
ताई आली शहापूरहून, भाताची झोडणी अर्धी टाकून. बाटलीभर काढा आणला. पाल्याचा, कुणा जाणत्याकडून.
"ह्यानं शक्ती वाढते गो. पोर वाळली ती गोळ्यांनीच."
मी सांगितलं, शक्ती वाढवायची नाही म्हणतात डॉक्टर. तिचे डोळे भरले. "मी काय वैरी हाय का तिची?"
थोरली बहीण. तिच्यासमोर ओतून कशी देऊ. बाटली फडताळात ठेवली.

२२ नोव्हें.
कालपासून परत. सहा वेळा. रक्त. उठताना चक्कर येते, भिंत धरते. दही आंबट होतं का? पाणी नीट उकळलं नव्हतं का? सगळी भांडी पुन्हा घासली. हंडा उन्हात पालथा घातला. माझंच काहीतरी चुकतंय.

२४ नोव्हें.
फडताळातली बाटली रिकामी.
विचारलं. नयना चादरीचा काठ चोळत राहिली. मग, "गोळ्यांनी तोंड सुजतं, आई. आरशात बघवत नाय. मावशी बोलली, काढ्यानं गोळ्या सुटतील."
"कधीपासून?"
"आठ दिवस."
गोळ्या गादीखाली, कागदात बांधलेल्या. हात उगारला होता मी. मग जवळ घेतलं. सगळी हाडं लागली.
डॉक्टरांना फोन. "आत्ताच्या आत्ता घेऊन या." हे गाडी बघायला धावले. मी कपडे भरतेय नि काय भरतेय ते कळत नाही

२५ नोव्हें. कल्याण, वॉर्डात
सलाईन. सुईतून औषध. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, दोन-तीन दिवसांत कळेल औषध लागू होतं का.
ताईचा फोन. दोनदा घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला. रडत होती. "माझ्यामुळं झालं ना गो?"
हो म्हणणार होते. म्हटलं, "बाटली मी घरात ठेवली."
 फोन कोणी ठेवला आठवत नाही.

२७ नोव्हें.
रात्रीतून चार वेळा. काल सात होतं. रक्त आहेच. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत उतार नाही पडला तर दुसरं इंजेक्शन. त्यानंही नाही तर ऑपरेशन. तो शब्द नयनासमोरच बोलले. ती छताकडे बघत राहिली.
दुपारी आपणहून म्हणाली, "भूक लागली." सिस्टरला विचारून पेज आणली. चार चमचे गेले. पाचव्याला तिनं माझं मनगट धरलं.
"थांब जरा."
चमचा हातात तसाच. तिचा दुसरा हात पोटावर. दोघी वाट बघतोय.