बोटीवरचा कोसरू

बनशंकरी, बेंगळूर
दिवाळी झाली, फटाके थोडे उरलेत, १९९८

ती. विठोजीमामांच्या पायांशी,

गिरीचा नमस्कार घ्यावा. साष्टांग घालणार होतो, पण पोटावर पडूनच लिहितोय, तेव्हा तो आपोआप झालाय असं समजा. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी ते काळं तेल लावलं होतं, त्याने गुडघा बरा झाला की नुसताच काळा झाला? मद्रासला पाऊस असेल. (चेन्नई म्हणायचं असतं आता, पण आमचे अप्पा अजून मद्रासच म्हणतात आणि मी वडिलांच्या आज्ञेतला मुलगा आहे. हसू नका.)

इकडे सगळं ठीक. आईचा खोकला गेला, अप्पांची नोकरी गेली (म्हणजे रिटायर झाले, घाबरू नका) आणि माझं पीयूसीचं गणित परत गेलं. पण रडायला पत्र लिहीत नाहीये. मामा, ज्या पोराला हिशेब येत नाही म्हणून अख्खं घराणं कपाळावर हात मारतं, त्याच पोराने सिंगापूरच्या बोटीच्या कंपनीला दोनदा वाकवलं. दोनदा! हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. जरा पाय वर घेऊन बसा.

तर अप्पा टेलिफोनच्या कारखान्यातून सुटले. शाल झाली, नारळ झाला, मॅनेजरसाहेबाचं भाषण झालं (त्यात अप्पांचं नाव दोन ठिकाणी चुकलं), आणि घरी येऊन अप्पांनी जाहीर केलं की मी क्रूझवर जाणार. मद्रासहून विमानाने सिंगापूर, तिथून मोठी बोट, मलेशियाला जाऊन परत. ही आयडिया कुठून आली? तर आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरातून. तुम्ही बघितलंय ते, ग्राइंडरच्या वर, पांढऱ्या बोटीचं. वर्ष कधीचंच संपलंय. नवीन कॅलेंडर आलं की पद्मात्या ते दारामागे लावते आणि बोट राहते जिथल्या तिथे. इडलीचं पीठ वाटताना ती त्या बोटीकडे बघते. मी लहान असताना मला सांगायची, ही खिडकी जेवणाच्या खोलीची, ही झोपायची, हा जिना गच्चीवर जातो. कोणी सांगितलं हे तिला? कोणी नाही. स्वतःच बांधली सगळी बोट तिने आतून.

आणि अप्पांनी तिकिटं काढली दोन. एक त्यांचं, एक आईचं. वाईट मनाने नाही हो, त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या घरात आत्या म्हणजे घर. घराला कोण बरोबर नेतं? अप्पांची थोरली बहीण, लग्न केलं नाही, आजीचं दुखणं काढलं, मला आंघोळ घालण्यापासून फटके घालण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. अप्पा ऐटीत सांगत होते आणि आत्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सरी, बरं. मी घर बघते." आणि वाटायला वळली. मामा, उडीद कधीचे वाटून झाले होते. ग्राइंडर नुसता फिरत होता.

मी तेव्हाच ठरवलं. काय ठरवलं ते माहीत नव्हतं, पण ठरवलं.

मग एक दिवस मला गच्चीवर सांडगे राखायला बसवलं. (कावळे मला भितात. घरात मान नाही तो गच्चीवर आहे.) सांडग्यांखाली इंग्रजी पेपर पसरला होता. दोन सांडग्यांच्या मधून बघतो तर आपलीच बोट! तीच कंपनी, तीच तारीख, आणि भाडं आपल्यापेक्षा बरंच खाली. मी सांडग्यांसकट पेपर घेऊन खाली पळालो. सांडगे जिन्यात सांडले, त्याबद्दलचा मार वेगळा, तो इथे धरत नाही.

वाटलं, अप्पा उड्या मारतील. अप्पा उलट चिडले. का, तर माणशी किती भरले हे त्यांनी कारखान्यात, मंडळात, न्हाव्याला आणि दूधवाल्यालासुद्धा सांगून ठेवलंय. आता भाडं उतरलं तर ते स्वस्तातल्या बोटीने जाणारे ठरतात. म्हणाले, "आपण एकदा दिलेल्या पैशाकडे वळून बघत नाही." (हेच अप्पा रिक्षावाल्याकडून आठ आणे परत घेण्यासाठी चौकापर्यंत चालत जातात, पण ते असो.) शिवाय भरलेत कुठे सगळे? नुसता अॅडव्हान्स दिलाय, बाकीची तारीख पुढे आहे. मामा, हेच तर सगळं मर्म आहे. बाकी भरेपर्यंत दोरी आपल्या हातात असते. भरली की संपलं, मग समुद्रात उडी मारलीत तरी कंपनी वळून बघत नाही.

रात्रभर विचार केला आणि सकाळी भाजीला गेलो तेव्हा सुचलं. मेथी घेतली, पैसे दिले आणि सवयीने म्हटलं, अक्का, कोसरू? तिने कढीपत्त्याची काडी टाकली पिशवीत. (मामींना सांगा, कोसरू म्हणजे माल मोजून, पैसे देऊन झाल्यावर वर जे हक्काने मागायचं ते. भाव पाडताना भांडण होतं. कोसरू मागताना होत नाही, उलट न मागितला तर भाजीवालीला राग येतो.) म्हटलं, हेच! अप्पांचा भाव कायम ठेवायचा आणि उतरलेले पैसे कोसरू म्हणून घ्यायचे. अप्पांना हे एका मिनिटात पटलं. कोसरू घेण्यात त्यांच्या मते कमीपणा नाही, राजेलोक पण घेत असतील.

आपला एजंट मल्लेश्वरमला, नरसिंहराव नावाचा. टेबलावर काचेखाली विमानांची चित्रं, पंख्याखाली स्वतः. मी पेपर पुढे केला. त्यांनी त्यावरचा सांडग्याचा तुकडा नखाने काढला, खाल्ला आणि म्हणाले, "आगल्ला, जमणार नाही. बुक झालं म्हणजे झालं." परत गेलो, परत आगल्ला. चहा पण पाजतात, पण आगल्ला. मग मी गुंडोला उठवला. (गुंडो माझा दोस्त, तुम्ही आला होता तेव्हा तुमच्या चपला गच्चीवरच्या टाकीत सापडल्या होत्या ना, तो.) गुंडोने भावाच्या लग्नातला कोट घातला आणि गिऱ्हाईक बनून गेला. तिथे एक नवं जोडपं पैसे मोजत बसलं होतं. हा त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने विचारतो, "सर, त्या सिंगापूरच्या बोटीचा नवीन उतरलेला रेट आहे ना, तो मला पण द्या. जुन्या रेटने भरणारे पण भेटतात म्हणे तुम्हाला?" जोडप्याचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी गुंडो परत गेला, कोट तोच, मिशी नवीन. तिसऱ्या दिवशी मी नुसता दारात दिसलो तर नरसिंहरावांनी मला आत ओढला आणि म्हणाले, "तुझा तो मिशीवाला घरी ठेव. स्वल्प थांब, कंपनीला फॅक्स करतो."

आणि आला की हो फॅक्स! पैसे परत नाहीत, पण ऑनबोर्ड क्रेडिट देतो म्हणाले. म्हणजे कंपनीने आपल्या नावावर बोटीवरच ठेवलेले पैसे. हातात येत नाहीत, बोटीवरच उडवायचे. फोटो काढा, दुकानात घ्या, डोकं चेपून घ्या. उरले तर बुडाले. आई म्हणाली, "जेवण तर तिकिटातच आहे म्हणतात, मग विकत घ्यायचं काय? वारा?" अप्पांना मात्र इतका आनंद झाला की मंडळात जाऊन त्यांनी ऑनबोर्ड क्रेडिट हा शब्द इतक्यांदा म्हटला की एकाने विचारलं, बँकेत नोकरी लागली काय परत?

झालं, असं वाटलं. पण आत्या कुठे आली यात? कंपनीने दिलेल्या पैशातून बोटीवर टोपी मिळते, माणूस मिळत नाही. म्हणून मी पेपर वाचत राहिलो. (मी! पेपर! आई देवाला नारळ बोलली.) आणि बाकी भरायच्या आधी, अगदी टोकाला, आली जाहिरात. एका केबिनमध्ये दोघांनी भरले तर तिसरा फुकट, विमानासकट. भिंतीतून तिसरा पलंग खाली येतो म्हणे.

नरसिंहराव म्हणाले, ही ऑफर नव्या गिऱ्हाइकांना. मी म्हटलं, मग जुनं कॅन्सल करा, आम्ही नवे होतो. म्हणाले, होईल, पण क्रेडिट जाईल, दोन्ही आगल्ला. मी म्हटलं, दोन्ही पाहिजे, मेथीवर कढीपत्ता आणि कोथिंबीर दोन्ही मागतो आम्ही. ते हसले पण हलेनात. इथे मी तुमचं नाव घेतलं. काय म्हणून घेतलं ते खाली येईल. पण नाव घेतल्याबरोबर माणूस खुर्चीत सरळ बसला आणि दोन्ही मिळालं. तुमच्या नावात वजन आहे, मामा.

पासपोर्टचं काय, असं विचाराल. तो आहे. मस्कतला चुलत्यांकडे लग्न होतं तेव्हा आत्यासकट तिघांचे काढले होते. लग्न शेवटी हुबळीला झालं, पासपोर्ट कोरे राहिले.

मी उडत घरी आलो. आत्या कोथिंबीर निवडत होती. सांगितलं, आत्या, चल, बोटीवर, तिसरा माणूस कोसरू! ती खूश होईल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने एक काडी उचलली आणि मला दाखवून म्हणाली, "मी ही आहे का रे?" मी म्हटलं तसं नाही. "तसंच. भावाच्या पिशवीत वरून टाकलेली. नको मला." आणि मग कॅलेंडराकडे न बघता आत गेली. मामा, मी गणितात नापास झालो तेव्हा पण इतकं पडलेलं वाटलं नव्हतं. चूक माझीच होती. जन्मभर जिला सगळ्यांनी कोसरू म्हणून धरलं तिला मी तोच शब्द ऐटीत नेऊन दिला.

मग मी परत मल्लेश्वरम गाठलं आणि नरसिंहरावांना म्हटलं, नावं कुठल्या क्रमाने घालायची हे कंपनी सांगते का? म्हणाले, कंपनीला काय, दोघे भरणारे, एक फुकट, कोण ते तुम्ही ठरवा. मी ठरवलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं आणि शिक्का मारला. चांगला माणूस आहे हो, उगाच छळला.

कागद आत्यापुढे ठेवला. तिने चष्मा पुसला. पहिलं नाव पद्मावती. दुसरं आईचं. तिसरं, फुकट, अप्पांचं.

मग खांदे हलायला लागले, मला वाटलं रडते, तर हसत होती. पदर तोंडात कोंबून. "म्हणजे बाबू माझ्यावर कोसरू?" (अप्पांना ती अजून बाबूच म्हणते.) म्हटलं, हो. "साठीला आलेला माणूस आहे रे तो. त्याला सांगू नको." आईला विचारलं, तुला मधे घातलंय, चालेल ना? आई म्हणाली, "मी कायम मधेच असते. तिथून दोघांना आवरता येतं." अप्पांना मी एवढंच सांगितलं की तिसरा माणूस फुकट आहे आणि आत्या येते आहे. फुकट कोण, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाकी भरली. आत्याने स्वेटर काढून उन्हात टाकलाय. समुद्रावर थंडी असते, असं तिला कॅलेंडराने सांगितलंय.

तर असा आहे तुमचा भाचा. कुठे नोकरीची गोष्ट निघाली तर हे सांगायला हरकत नाही. तिघं आदल्या रात्री तुमच्याकडे उतरतील. मामींना नमस्कार, गुडघ्याला आशीर्वाद.

तुमचाच,
गिरीराज

ता. क. नरसिंहराव तुम्हाला फोन करतील. तुम्ही मद्रास बंदरात कॅप्टन आहात. मी खोटं बोललो नाही, बंदरात आहे एवढंच म्हणालो. कँटीनमध्ये, हे म्हणायच्या आत ते, कॅप्टन का, असं म्हणत सरळ बसले, मग मी पण नाही म्हणालो नाही. तुम्ही फोनवर फार बोलू नका, नुसतं "यस" म्हणा. मागे भांड्यांचा आवाज येऊ देऊ नका.

ता. क. दुसरं. पत्र लिहिलंय ते खरं यासाठी. बोटीची तिकिटं पाकिटात चिकटवून आईजवळ देतोय. ती तुम्ही ताब्यात घ्या आणि विमानतळावर आईच्याच हातात परत द्या. अप्पांच्या नजरेस तिसरं नाव पडता कामा नये. पडलं तर ते मद्रासहून परत येतील आणि मंडळात तोंड दाखवणार नाहीत. पुढे बोटीवर कळलं तर कळू दे, तिथून कोण परत येतंय?

ता. क. तिसरं. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात अप्पा आले, दार लावलं आणि हळूच म्हणाले, "मामाला लिहितोयस ना? लिही की तिकिटं त्याने सांभाळावीत. पद्माला दिसू देऊ नका. ती फुकट चालली आहे हे कळलं तर जायची नाही, मानी आहे. माझ्याच डोक्यात आधी यायला पाहिजे होतं." आणि डोळे पुसले, म्हणजे चष्मा. तेव्हा मामा, तिकिटं अप्पांपासून लपवा, आणि आत्यापासून पण लपवताय असं अप्पांना दिसू द्या. दोघांकडे बघून मान हलवायची. तुम्ही कॅप्टन आहात, जमेल.

ता. क. शेवटचं. बोटीवरचे ते पैसे उरले तर बुडतात, हे वर लिहिलंयच. बोटीवरच्या दुकानात काळे चष्मे मिळतात म्हणे. मी काही मागितलेलं नाही. तुम्हीच त्यांना आठवण करा, कोसरू म्हणून.