प्रॅक्टिकलसाठी माणूस पाहिजे

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून भीती बंद. म्हणजे मला भीती नाहीच. पण अप्लाइड सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्याने आधी स्वतःवर प्रयोग करावा, एवढंच. पुस्तकात उपाय आहे: भीतीची शिडी करायची आणि सोप्यापासून अवघडाकडे चढायचं. माझी शिडी अशी. एक, आम्हाला शिकवणाऱ्या हर्षा मॅडमशी बोलणे. दोन, वर्गात प्रश्न विचारणे. तीन, प्रॅक्टिकलच्या खोलीत एकट्याने उभं राहणे. चार, २२ तारखेचं प्रॅक्टिकल. पाच, घरी खरं सांगणे.
पाचव्याचा खुलासा, ही वही कोणी वाचत नाही म्हणून: गेल्या वर्षी हे प्रॅक्टिकल मी दिलं नाही. दारापर्यंत गेलो, तसाच परत आलो. घरी सांगितलं, पास झालो. बाबांनी अकोल्याच्या भाजीबाजारात पेढे वाटले. आता पुन्हा बुडालं तर डिग्री अडकते आणि बाबांना सगळं कळतं. मग काय होईल याचा विचार करायचा नाही, असं ठरवलं आहे.
बाबा म्हणजे नत्थुजी. वांग्याच्या वावरात निघालेला नाग फावड्याने उचलून धुऱ्याच्या बांधापलीकडे टाकणारा माणूस. भीती हा शब्दच त्यांच्या घराण्यात नाही. मीही त्याच घराण्यातला.

४ मार्च
पायरी एक पूर्ण. मॅडम जिन्यात दिसल्या. मनातल्या मनात नमस्कार केला. त्यांनी पाहिलं नाही, हा त्यांचा प्रश्न.

६ मार्च. दुपारी
पायरी दोन. प्रश्न लिहून काढला, पाठ केला, हात वर केला. मॅडम म्हणाल्या, बोल गजेंद्र. मी विचारलं, पंखा कमी करू का. वर्ग हसला. हसू देत. प्रश्न तो प्रश्नच.

१० मार्च
नोटीस लागली. चिंता-चाचणी येणार. प्रत्येकाने आपापला प्रयोज्य आणायचा, म्हणजे ज्याच्यावर चाचणी घ्यायची तो माणूस. सायकॉलॉजीचा विद्यार्थी चालणार नाही. माणूस नाही तर परीक्षा नाही. परीक्षक म्हणून बाहेरच्या मॅडम समोर बसणार.
तीनदा संडासला जाऊन आलो. सकाळचा समोसा शिळा असावा.
रूममेट शुभम बी.कॉम.चा आहे. त्याने दोन प्लेट गिला वडा मागितला. चारला. काम फत्ते.

१४ मार्च, धुळवड. सकाळी ७
शुभमवर रंगीत तालीम. नुसत्या सूचना वाचायच्या होत्या. दुसऱ्या ओळीला आवाज गेला. शुभम म्हणे, काहून बे, घाम काहून येऊन राहिला तुले? मी म्हणालो, उन्हाळा. तो म्हणे, अबे साडेसहा वाजले. शुभमला निरीक्षणाची सवय नाही.

१७ मार्च
पायरी तीन. खोलीला कुलूप होतं. कुलपासमोर उभा राहिलो, एकट्याने. पुस्तकात कुलूप चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. तेवढ्यात शिपाई किशोरभाऊ चावी घेऊन आले. उघडून देऊ काय, म्हणाले. मी नको म्हणून एवढ्या जोराने ओरडलो की चावी त्यांच्या हातून पडली. किशोरभाऊंना ताण दिसतो.

२० मार्च. रात्री ९
शुभम सेमाडोहला गेला! वाघ पाहायला! फोन लागत नाही. रविवारी येतो, असं दाराला चिठ्ठी लावून गेला. माझे दोन प्लेट वडे वाया.
सगळ्या होस्टेलला विचारलं. कोणाचा पेपर, कोणाची सोयरीक. वर्गातली प्रणाली म्हणाली, घरचं माणूस आण ना, मी मावशीला आणून राहिले.
आणि आठला बाबांचा फोन आला. रोजच येतो. जेवला काय, विचारतात आणि ठेवून देतात. आज माझ्या तोंडून निघून गेलं, बाबा, मले माणूस पाहिजे. ते म्हणाले, मंग मी काय ढोर आहो? येतो परवा पहिल्या गाडीनं.
मेलो.

२१ मार्च
मेलो नाही. विचार केला, उलट बरंच झालं. बाबांना सांगायचं, फक्त हो किंवा नाही म्हणा. गेल्या वर्षीचा विषयच निघणार नाही. शिवाय बाबांचा स्कोअर शून्य येणार हे नक्की, म्हणून वेळ वाचवायला चाचणीचा निकाल लिहायचं जर्नल आजच पक्क्या शाईने लिहून टाकलं. सगळे असंच करतात. निष्कर्ष: प्रयोज्य पूर्णपणे निर्भय आहे.
अक्षर जरा वाकडं आलं.

२२ मार्च, शनिवार
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मॅडमसाठी पिशवीभर वांगी.
खोलीत गेलो. सूचना वाचायला तोंड उघडलं, आवाजच नाही. बाबांनी कागद माझ्या हातून घेतला, स्वतःच प्रश्न वाचले, स्वतःच उत्तरं दिली. छाती धडधडते काय? हो. झोप मोडते काय? हो. काही वाईट घडंल असं वाटते काय? हो, हो.
चाळीसपैकी सदतीस हो.
बाहेरच्या मॅडमनी जर्नल पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग बाबांना विचारलं, काका, हे केव्हापासून?
बाबा म्हणाले, गेल्या सालापासून. पेढे वाटले अन् आठ रोजानं कॉलेजचं पत्र आलं, पोरगा परीक्षेले बसलाच नाही म्हून. मी याले बोललो नाही. एवढं खोटं सांगतलं म्हंजे पोरगं लय भेलं असंन. रागावलो अन् यानं जिवाचं काही बरंवाईट केलं तर? म्हून रोज फोन करतो. आवाज आला का ठेवून देतो.
मॅडमनी जर्नल माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, गजेंद्र, निष्कर्ष खोड आणि नवीन लिही. कारणासकट.
मी म्हणालो, पेन चालत नाही. बाबांनी खिशातलं त्यांचं पेन दिलं. मी म्हणालो, हेही चालत नाही.
दोन्ही पेनं चालत होती.