चंद्रकोरीचं नाणं

३१ जाने., शनिवार
काल लिहिलं ते चुकलं. नाणं रोमन नाही. घोडेस्वाराखालची अक्षरं लॅटिन समजले होते. ती केल्टिबेरियन लोकांची निघाली. स्पेनमधल्या जुन्या टोळ्या, पुढे रोमने जिंकलेल्या. तक्त्यावरून एकेक अक्षर लावलं: सेकोबिरिकेस. गावाचं नाव असावं. गाव नेमकं कुठे होतं, जाणकारांचंही एकमत नाही.
राबिघ बंदराच्या रिफायनरीतला स्पॅनिश इंजिनियर हा अरब देश सोडताना तुटक्या साखळ्यांबरोबर हे अब्बांना मोडीत देऊन गेला. त्यालाही ठाऊक नसणार.

१ फेब्रु., रवि.
गुरुवारी माझ्या भावाच्या, सलीमभाईच्या बाळाचा अकीका. जावळ उतरवायचं, त्याच्या वजनाची चांदी दान करायची. आमच्या शराफिया मोहल्ल्यातले बाकीचे नोटा देतात. अब्बा सोनार; चांदी म्हणजे चांदीच.
अम्मीला नाण्याच्या दुसऱ्या बाजूच्या डोक्यामागे चंद्रकोर दिसली. "अगो, चांद! बाळासाठीच आलाय." म्हटलं, अम्मी, हे इस्लामच्या कितीतरी आधीचं. तोवर फुफी, अब्बांची बहीण: "आणि ते मुंडकं? तोंडाची वस्तू घरात नको. वितळलेलीच बरी."
एकीला चांद हवा, दुसरीला तोंड नको. दोघींचं उत्तर एकच निघालं: नाणं वितळवून बाळाच्या दानात. अब्बांनी मान डोलावली.

२, सोम.
दुकानात अब्बांशी बोलले. शाळेच्या आधी अक्षरं त्यांनीच शिकवली, चांदी वाजवून पारखणंही त्यांनीच. "आधी आवाज ऐक, मग बघ."
"अब्बा, दोन हजार वर्षांचं आहे हे."
हसले. "मग दोन हजार वर्षं झोपली होती चांदी. आता कामाला लागेल."
सलीमभाई: "प्रोफेसरबाई, माझ्या पोराच्या दानात खोडा घालू नका."

३, मंगळ.
नकली असलं तर? नकला खूप निघतात म्हणे. मी शंका काढली तर खात्रीसाठी अब्बा कड चिरतील, म्हणजे मीच त्याला जखम करणार. खरं असलं तर ते गाव पुन्हा एकदा वितळणार. दान अडवणं गुनाह आहे का? विचारू कोणाला? अब्बांनाच विचारायची सवय.
संध्याकाळी त्यांनी चांदी वितळवायची मूस पुसून ठेवली, नाणं आत. जाता जाता उचलून पाहिलं. घोडेस्वाराचा भाला अजून स्पष्ट. परत ठेवलं. न विचारता घेणं जमत नाही.
पायातली पैंजणं अब्बांनीच घडवलेली. नाण्याऐवजी ती दिली तर? जावळापेक्षा कितीतरी जड. पण अम्मी म्हणेल, यात चांद कुठाय?
गुरुवारी, ५ तारखेला, फजरच्या नमाजानंतर, अब्बा भट्टी पेटवायच्या आत ती काढून नाण्याशेजारी त्यांच्यापुढे ठेवणार. आणि म्हणणार, अब्बा, आधी पैंजणांचा आणि नाण्याचा, दोन्हींचा आवाज ऐका, मग बघा, मुशीत काय घालायचं.